सहा एकर रान: उक्तं विकायचं की मोजून? संगमेश्वर तालुक्यातलं एक प्रकरण

यातली माणसं खरी आहेत म्हणून नावं दिलेली नाहीत, गावही सांगत नाही, एवढंच की संगमेश्वर तालुका आणि घाटाच्या बाजूचा भाग. मी यात आलो कारण त्या घरातला पुतण्या माझा मित्र आणि मला झाडं ओळखता येतात म्हणून त्याने मला धरून नेलं. आकडे त्या घरच्या वहीतले आहेत, दुसरीकडे ते जसेच्या तसे लागू होतील असं समजू नका.

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यात जंगल म्हणून जे दिसतं ते बहुतेक लोकांच्या मालकीचं आहे, सरकारी वन अगदी थोडं. त्यामुळे इथलं रान राहणार की जाणार हे फॉरेस्ट खातं कमी आणि घरातली माणसं जास्त ठरवतात, आणि ती ठरवतात कधी, तर पैशाची नड आली की. पद्धत ठरलेली. दहा-पंधरा वर्षांनी ठेकेदार येतो, रान बघून उक्ता, म्हणजे न मोजता सगळ्या रानाचा मिळून एकच आकडा सांगतो, दिवाळीनंतर माणसं लावतो आणि मेपर्यंत डोंगर बोडका. लाकूड कारखान्यांच्या बॉयलरला, वीटभट्टीला, बेकरीला जातं. ऐन, किंजळ बुंध्यातून परत फुटतात म्हणून पंधरा वर्षांनी पुन्हा तोच खेळ.

या घराचं रान सहा एकर, उताराचं, मधून एक पऱ्या म्हणजे ओढा जातो आणि त्या पऱ्याच्या खालच्या अंगाला घरची विहीर. शेवटची तोड १९९८ च्या सुमारास झालेली. बांधावर दादांच्या वडिलांनी १९९० च्या आसपास लावलेले साग. वाटेकरी तीन: गावाला राहणारे दादा, मधल्या भावाची बायको म्हणजे काकी, आणि धाकटा भाऊ मुंबईला. त्याला सगळे मुंबईवालेच म्हणतात, तो एकटा असला तरी.

अडचण

नोव्हेंबर २०२१. काकींच्या मुलीची इंजिनिअरिंगची फी भरायची होती, तातडीचे ८० हजार. आणि घराचं छप्पर, वासे कुजलेले, आढं, म्हणजे माथ्यावरची आडवी तुळई, एका बाजूने खचलेलं, दोन पावसाळे ताडपत्रीवर काढलेले. ठेकेदार आला, रानात तासभर फिरला आणि १ लाख ८० हजार उक्ते म्हणाला. दादांनी १० हजार विसार घेऊनही टाकला, कोणाला न विचारता, कारण आतापर्यंत असंच होत आलंय.

मग पुतण्याने छपराचं एस्टिमेट आणलं. हार्डवेअरवाल्याने मलेशियाचं लाकूड आणि पाईन धरून १ लाख ६ हजार सांगितले, नुसत्या लाकडाचे, सुताराची मजुरी वेगळी. म्हणजे स्वतःचा ऐन-किंजळ जळाऊ म्हणून टनावर विकायचा आणि त्याच पैशातून समुद्रापलीकडून आलेलं, किंजळापुढे पाचोळा असलेलं लाकूड घराला आणायचं. हे काकींच्या लक्षात आलं. त्या म्हणाल्या, "सासऱ्यांनी हे घर ह्याच रानातल्या लाकडावर उभं केलंनी, मग आपल्यालाच काय झालं?" खरं सांगायचं तर इथपर्यंत कोणी जंगल वाचवायच्या गोष्टी करत नव्हतं, विषय छपराचाच होता.

समोर असलेले पर्याय

पहिला म्हणजे ठेकेदाराला हो म्हणणं. याला नावं ठेवणं सोपं आहे पण त्याचे फायदे खरे आहेत: पैसे लगेच, कागदपत्रं त्याची, माणसं त्याची, डोक्याला ताप नाही. ज्या घरात सत्तरीतली दोन माणसं राहतात त्यांना तुम्ही स्वतः तोड करा म्हणणं हे शहाण्यासारखं नाहीच.

दुसरा मुंबईवाल्यांचा. साफ तोड करून काजू लावू, वेंगुर्ला-४ किंवा ७ ची कलमं, योजनेतून खड्डे. यातही चूक काही नाही, फक्त उतार आणि पऱ्याच्या दोन्ही कडा मोकळ्या झाल्यावर विहिरीचं काय, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. तिसरा पर्याय सोनं तारण ठेवून रानाला हातच लावायचा नाही, पण मग छप्पर राहतंच.

चौथा, म्हणजे मोजून, निवडून, झाडागणिक तोड. आधी घराला लागेल ते काढायचं, उरलेलं ज्याला त्या कामाला हवं त्याला विकायचं. सगळ्यात त्रासाचा पर्याय हाच.

पहिला निर्णय: विसार परत

दादा तयार नव्हते. शब्द दिलाय म्हणाले, आणि गावात शब्दाला किंमत असते हे मलाही पटतं. शेवटी ठरलं की आधी झाडं मोजू आणि मोजल्यावर जर ठेकेदाराचा आकडा रास्त वाटला तर त्यालाच द्यायचं. जानेवारीत चार जणांनी दोन दिवस लावून दोन फुटांच्या वर गोलाई असलेलं प्रत्येक झाड मोजलं, छातीच्या उंचीवर टेप लावून, पांढऱ्या पेंटने नंबर टाकून. ३३४ भरली. निम्म्याच्या वर ऐन आणि किंजळ, ३८ साग, मग जांभूळ, नाणा, असाणा, सावर, ९ रायवळ आंबे, ७ फणस, ४ शिवण, ३ मोठे बेहडे.

आणि १७ खैर.

इथे सगळ्यांचे डोळे उघडले. खैराच्या लाल गाभ्याचे तुकडे उकळून कात काढतात, चिपळूण-सावर्डे पट्ट्यात तो धंदा जुना आहे, आणि खैराचा भाव जळाऊ लाकडाच्या कितीतरी पट असतो. उक्त्या व्यवहारात खैराचा वेगळा उल्लेखच नव्हता. ठेकेदाराने फसवलं असं मी म्हणणार नाही, त्याने रान बघितलं आणि घरच्यांनी बघितलं नव्हतं, एवढंच. दादांनी ते १७ नंबर वहीत बघितले आणि दुसऱ्या दिवशी विसार स्वतः जाऊन परत केला. ठेकेदार चिडला, तेही बरोबरच होतं त्याच्या जागी.

फीसाठी काकींनी सोनं तारण ठेवलं.

दुसरा निर्णय: कागद

वाटलं होतं फेब्रुवारीत तोड सुरू करू. साग, ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ, खैर ही सगळी १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीतली झाडं, स्वतःच्या मालकीत असली तरी परवानगी लागते. अर्जाबरोबर सातबारा, नकाशा, झाडांची यादी, आणि सगळ्या सहहिस्सेदारांची संमती. सातबाऱ्यावर नावं ११ निघाली! दोन वारलेली, वारस नोंद नाही, एक आत्या सुरतेला. कोकणात हे घरोघरी आहे, त्यामुळे हसू नका, आपापला सातबारा उघडून बघा. तेव्हाच सातबाऱ्याच्या इतर हक्क या रकान्यात खाजगी वनाची नोंद आहे का तेही बघायचं, ती असली तर सगळाच मामला वेगळा होतो. आणि गाव पश्चिम घाटाच्या इको-सेन्सिटिव्ह (पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील) क्षेत्राच्या मसुद्यातल्या यादीत आहे का, तेही. इथे नोंद नव्हती, सुटलो.

वारस नोंदीला ऑगस्ट उजाडला, परवानगी मिळाली डिसेंबर २०२२ मध्ये. म्हणजे पूर्ण एक हंगाम गेला. त्या पहिल्या हंगामात रेंज ऑफिसला विचारून फक्त ४ सावरी आणि कायद्याच्या यादीत नसलेली दाटीतली किरकोळ झाडं काढली, २४ टन जळाऊ निघालं, १५०० ने ३६ हजार आले, मजुरी जाऊन २० हजार हातात राहिले. सावर खरंतर जळाऊ लाकूडच नाही, काडीपेट्या आणि खोके यांचं मऊ लाकूड, पण चार झाडांसाठी कुणी गाडी पाठवत नाही, गेली तीही टनावर.

आणि जुलैमध्ये, भर पावसात, एका रात्रीत दोन खैर चोरीला गेले. नंबर टाकलेलेच, अर्थात. आपणच पेंटने खूण करून ठेवली होती कुठला घ्यायचा ते.

तिसरा निर्णय: कुठली झाडं

याच्यावर सगळ्यात जास्त वाद झाला आणि मला वाटतं खरं प्रकरण इथेच आहे.

दोन गोष्टींवर एकमत होतं. पऱ्याच्या दोन्ही बाजूंना ५० फुटात काही तोडायचं नाही, आणि तिन्ही बेहड्यांना हात लावायचा नाही, त्यातल्या एकाच्या ढोलीत धनेश येतो, असल्या म्हाताऱ्या झाडाशिवाय त्याला घरटं करायला जागा मिळत नाही. पुढचा प्रश्न कठीण. वनीकरणातली साधी रीत अशी की वाकडं, दबलेलं, रोगट, दाटीतलं झाड आधी काढायचं आणि सरळ, जोमदार झाड बी धरायला ठेवायचं, नाहीतर दर वेळी उत्तम तेवढं उचलत गेलं की पन्नास वर्षांनी रानात वाकड्यांचीच पोरं उरतात. पण सुतार आला आणि त्याने बोट ठेवलं ते प्रत्येक वेळी सगळ्यात सरळ झाडावर, कारण त्याला आढ्याला १६ फुटी सरळ तुळई हवी! त्याचंही बरोबर, वाकड्या ऐनाचं आढं कसं करणार.

तोडगा निघाला तो असा. आढं आणि लांब तुळया यांच्यासाठी पाच सरळ झाडं द्यायची, तीसुद्धा अशी की ज्यांच्या शंभर फुटात त्याच जातीचं तेवढंच चांगलं दुसरं उभं आहे. वासे, रिपा, खांब मात्र वाकड्या-दबलेल्यातून जेवढे निघतील तेवढे तुकड्यात काढायचे. सुतार कुरकुरला, पण वासा सात-आठ फुटातच हवा असतो, त्यामुळे वरच्या बाजूला वाकडं झाड असलं तरी खालचा तुकडा चालून जातो.

सागाचं वेगळं. मुंबईवाल्यांना सगळे ३८ काढायचे होते. सुताराने एक दबलेला कापून दाखवला: बाहेर दोन-दोन बोटं पांढरं आणि आत तपकिरी नार, म्हणजे पक्का गाभा, मनगटाएवढा. सागाची किंमत त्या नाराची, पांढऱ्याला वाळवी आणि किडा दोन्ही लागतात. बत्तीस वर्षं बांधावर उभ्या सागाला आता कुठे नार धरायला लागला आहे आणि आपण तो विकायला निघालो. मग दाटीतले १४ काढले, २४ ठेवले.

काय केलं

जानेवारी २०२३. गुरवाला बोलावून राखणदार देवाला गाऱ्हाणं घातलं, नारळ ठेवला, मग कुऱ्हाड. परवानगीच्या झाडांवर फॉरेस्टवाल्यांच्या हातोड्याची खूण पडली. मोजलेल्यातली एकूण तोडलेली झाडं, सावरी धरून, ५५. बुंधा जमिनीपासून वीतभर ठेवून, करवतीने, तिरपा कापायचा, म्हणजे पाणी साचत नाही आणि फुटवा जोमाचा येतो, हे मजुरांना दहा वेळा सांगावं लागलं कारण त्यांची सवय कमरेएवढ्यावर कुऱ्हाडीने तोडायची.

पहिला धक्का ऐनांनी दिला. ऐन आणि किंजळ मिळून ३१ तोडली, त्यातले ९ ऐन आतून पोकळ. वर्षानुवर्षं भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपाची जमीन भाजायला, ऐनाच्या फांद्या तासल्या गेल्या, त्या जखमांतून पाणी उतरलं आणि गाभा कुजला. बाहेरून झाड ठणठणीत दिसतं. नंतर एका जुन्या लाकूडतोड्याने सांगितलं की कुऱ्हाडीच्या माथ्याने ठोकून बघायचं, आवाज घुमला की समजायचं. हे आधी का नाही सांगितलं म्हटलं तर म्हणाला, विचारलंत कुठे.

मोजमापाचंही एक सांगतो कारण बरेच जण इथे फसल्यासारखे होतात. व्यापारी गोल लाकूड चौथाईने मोजतो: गोलाईचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. ३६ इंच गोलाईचा १० फुटी ओंडका घ्या, चौथाई ९ इंच म्हणजे पाऊण फूट, तर ५.६ घनफूट भरतात. शाळेतल्या गणिताने तोच ओंडका ७.१ च्या वर येतो. पुतण्या चिडला, लूट आहे म्हणाला. लूट नाही, साल आणि बाजूची फळकटं धरून पिढ्यानपिढ्या चालत आलेला हिशोब आहे, फक्त भाव ठरवताना तो चौथाईचा आहे हे दोघांना माहीत पाहिजे.

लाकूड गेलं ते असं. ऐन-किंजळातलं १३० घनफुटाच्या आसपास घराला लागलं, किंजळाचे खांब, ऐनाचे वासे. दाराच्या चौकटी-फळ्यांना एक फणस, त्याच्या पिवळ्या फळ्या बघून काकी खूष. ३ जांभळं विहिरीच्या कामाला, जांभूळ पाण्यात कुजत नाही म्हणून जुने लोक विहिरीच्या तळाला तेच घालायचे. उरलेलं ऐन-किंजळ ९० घनफूट एका घर बांधणाऱ्याला ४५० ने. साग ४० घनफूट ९०० ने. आंबे २, त्यांच्या फळ्या खोकेवाल्याला आणि सेंट्रिंगवाल्याला. शिवणीला एका मूर्ती करणाऱ्याने विचारलं होतं पण चारच झाडं म्हणून दिली नाहीत.

आंब्यात आम्ही माती खाल्ली. ओंडके एप्रिलमध्ये पाडले आणि मिलवाल्याकडे गर्दी म्हणून रस्त्याला पडून राहिले, जून लागला. आंब्याचं लाकूड ओलं पडून राहिलं की काळं-निळं होतं आणि किडा लागतो. ११० घनफुटातलं निम्मं ३०० ने गेलं, उरलेलं २०० ने घ्या हो म्हणून द्यावं लागलं. आधी मिलची तारीख, मग कुऱ्हाड, हा क्रम उलटा झाला.

निकाल

साग ३६ हजार, ऐन-किंजळ साडेचाळीस हजार, आंबा साडेसत्तावीस हजार, म्हणजे १ लाख ४ हजार. मजुरी, मिल, गाडी, टीपी (लाकूड वाहतुकीचा पास), कागदपत्रं यांचे ४१ हजार गेले, राहिले ६३. पहिल्या हंगामाचे २० धरून ८३ हजार रोख. छपराचं लाकूड विकत घ्यावं लागलं नाही ते १ लाख ६ हजार. सोन्याचं व्याज साधारण १२ हजार वजा. गोळाबेरीज १ लाख ७७ हजार.

ठेकेदाराचा आकडा होता १ लाख ८०. म्हणजे एवढा उपद्व्याप करून तीन हजारांनी कमीच, आणि पुतण्याने मुंबई-गाव केलेल्या खेपा यात धरलेल्याच नाहीत. हे मुद्दाम सांगतोय कारण निवडक तोडीत डबल पैसे मिळतात असं कोणी सांगत असेल तर त्याला वही दाखवायला सांगा. फरक इतकाच की रानात मोजलेल्यातली २७७ झाडं अजून उभी आहेत, त्यात १५ खैर आणि नार धरत असलेले २४ साग, आणि डोक्यावर पुढची साठ वर्षं टिकेल असं छप्पर आहे.

शेजारचं रान त्याच वर्षी उक्तं गेलं. तिथेही फुटवा चांगला आलाय. त्यांच्या बाजूचा झरा फेब्रुवारीतच आटला, पण त्या वर्षी पाऊसही लवकर थांबला होता, त्यामुळे तोडीमुळेच आटला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. या घरच्या विहिरीला मे मध्ये पाणी होतं एवढं खरं.

परत करायचं झालं तर

वारस नोंद आधी, बाकी सगळं नंतर. ती असती तर एक हंगाम, वर्षभराचं व्याज आणि दोन खैर तिन्ही वाचले असते.

नंबर पेंटने ठळक टाकायचे नाहीत, निदान खैरावर तरी नाही. बुंध्याच्या तळाला लहान पत्र्याची पट्टी पुरते आणि कुठला नंबर कुठे ते वहीत.

छाटलेल्या फांद्या रानात तशाच सोडल्या ही माझी चूक, मीच म्हटलं होतं की कुजून माती होईल. मार्च २०२४ मध्ये वरच्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, वणवा उतरला आणि त्या सुक्या काटक्यांवर चांगलाच पेटला. अर्धा एकर जळला, बुंध्यांना आलेले कोवळे फुटवे गेले. बाकीचं वाचलं ते पऱ्या मध्ये होता म्हणून. आता जानेवारीतच दहा फुटी जाळरेषा काढतात आणि फांद्या मोळ्या बांधून घरी नेतात.

फुटवेही वर्षाने विरळायला हवे होते. एकेका बुंध्यावर आठ-दहा आले, त्यातले दोन जोरकस ठेवून बाकी काढले तरच पुढे खांबाला येतील असं लाकूड होतं, नाहीतर झुडूप. ते काम झालं, पण एक वर्ष उशिरा.

ठेकेदार मध्यंतरी परत येऊन गेला. उक्तं नाही विचारलं, सागाच्या नंबरांची यादी मागितली. दादांनी चहा दिला आणि यादी नाही दिली.

त्या जळलेल्या अर्ध्या एकरावर मुंबईवाल्यांचं परत काजू सुरू झालं. या वेळी कोणी वाद घातला नाही, ऐन तिथे परत यायला वेळ लागणारच होता. जुलैमध्ये वेंगुर्ला-४ ची चाळीस कलमं लागली, पऱ्यापासून पन्नास फूट सोडून. ते पन्नास फूट मुंबईवाल्यांनी स्वतः टेप धरून मोजले.